घोडबंदर रोडला आकडे द्या: मोठा रस्ता पायी मोजायची रीत

‘मानपाड्याच्या पुलाखाली फूटपाथ खचला आहे.’ अशी तक्रार खरी असली तरी तिच्यावरून खड्डा सापडत नाही. पुलाला दोन बाजू आहेत, प्रत्येक बाजूला मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड आहे, मेट्रोचे खांब आहेत. पाहणीला आलेला माणूस रिक्षातून एक फेरी मारतो, त्याला काही दिसत नाही, आणि ‘जागेवर आढळून आले नाही’ असा शेरा पडून तक्रार बंद होते. दोष तक्रारीच्या पत्त्यात असतो. म्हणून ठाण्यातल्या घोडबंदर रोडची पाहणी करायची असेल तर टेप उलगडायच्या आधी रस्त्याला आकडे द्या.

ही युक्ती जुनी आहे. पेरू देशाची राजधानी लिमा इथे अवेनिदा आरेकिपा नावाचा मोठा रस्ता आहे. अध्यक्ष आउगुस्तो लेगिया यांच्या काळात, १९२०च्या दशकात तो बांधला गेला आणि आधी त्यांच्याच नावाने ओळखला जायचा. १९३० मध्ये त्यांची सत्ता गेली आणि नाव बदललं. हा रस्ता मध्यवर्ती लिमा, लिन्से, सान इसिद्रो आणि मिराफ्लोरेस असे चार भाग ओलांडतो. त्या प्रत्येक भागाला स्वतःची नगरपालिका आहे, स्वतःचा महापौर आहे. रस्त्याचे आकडे मात्र सलग एकच. मध्यवर्ती टोकापासून मिराफ्लोरेसपर्यंत ५२ चौकटी, म्हणजे दोन चौकांमधले तुकडे. घर क्रमांक ३४५० म्हणजे चौतिसाव्या चौकटीतलं घर. हद्द कुणाची का असेना, आकडा हद्दीवर थांबत नाही.

आपल्याकडे हद्दी महापौरांच्या नसून खात्यांच्या आहेत. एकाच जागी उभं राहिलं तर पायाखालचा पेव्हर ब्लॉक एकाचा, डोक्यावरचा मेट्रोचा पूल दुसऱ्याचा, शेजारचा डीपी, म्हणजे विजेची पेटी, तिसऱ्याचा आणि सिग्नल चालवणारे चौथे. म्हणून खाती बाजूला ठेवून आधी रस्ता सलग मोजायचा.

शून्य कुठे धरायचं

कापूरबावडी ते गायमुख हे अंतर साधारण साडेदहा किलोमीटर आहे. शून्य कापूरबावडीला धरा, पण ‘जंक्शनच्या कोपऱ्यावर’ असं नको. कोपरे रुंदीकरणात हलतात. उड्डाणपुलाचा किंवा मेट्रोचा एक ठराविक खांब निवडा, चारही बाजूंनी त्याचे फोटो काढा आणि शून्य म्हणजे त्या खांबाची जंक्शनकडची कड असं लिहून ठेवा. हे लिहिलेलं नसेल तर सहा महिन्यांनी दुसरा गट दुसरा खांब धरतो आणि दोन्ही वह्या एकमेकींना जुळत नाहीत.

तिथून पुढे मीटरमध्येच लिहायचं. ३४५० म्हणजे शून्यापासून ३,४५० मीटर, टप्पा ३४, त्यात ५० मीटर आत. शंभर मीटरचा एक टप्पा, पहिला टप्पा ०, गायमुखपाशी १०४ च्या आसपास.

‘डावी-उजवी’ लिहू नका. येणाऱ्याची डावी ती जाणाऱ्याची उजवी. इथे निसर्गानेच सोय करून ठेवली आहे: एका अंगाला येऊरचे डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी. ‘३४५० डोंगर’ किंवा ‘३४५० खाडी’ एवढंच लिहा. गायमुखहून येणारा असो की कापूरबावडीहून जाणारा, दोघांनाही ते एकच कळतं. फक्त जोडीला पट्टा लिहा: फूटपाथ, सर्व्हिस रोड, मुख्य रस्ता की दुभाजक. मुख्य रस्ता आणि सर्व्हिस रोड एकत्र करण्याचं काम या रस्त्यावर हाती घेतलेलं असल्यामुळे प्रत्येक नोंदीवर तारीख हवीच. आज जो सर्व्हिस रोड आहे तो पुढच्या वेळी मुख्य रस्त्याची एक लेन झालेला असू शकतो.

अंतर मोजायला काय वापरायचं

चाकाचं मोजमापयंत्र मिळालं तर उत्तम. नसेल तर साधी सायकल पुरते. टायरवर खडूची एक रेघ मारा, सायकलवर माणूस बसवा आणि चाक एक पूर्ण फेरा फिरू द्या. जमिनीवर उमटलेल्या दोन खुणांमधलं अंतर स्टीलच्या टेपने मोजा. २६ इंची चाकाचा फेरा साधारण २ मीटर ७ सेंटिमीटर भरतो. तसा भरला तर ४८३ फेरे म्हणजे एक किलोमीटर. चिमट्याला प्लास्टिकची पट्टी बांधली की प्रत्येक फेऱ्याला ती आऱ्यावर टक् वाजते. आरे बरेच असतात म्हणून एकाच आऱ्यावर जाड चिकटपट्टी गुंडाळा आणि पट्टी फक्त तिलाच लागेल अशी ठेवा.

माणूस न बसवता फेरा मोजला किंवा नंतर हवा कमी झाली तर फेऱ्यामागे दोन सेंटिमीटरचा फरक सहज पडतो. शंभर मीटरला तो एक मीटर होतो, दहा किलोमीटरला शंभर मीटर. म्हणजे अख्खा एक टप्पा चुकला. म्हणून दर किलोमीटरला एक पक्की खूण ठरवा (पुलाचा खांब, मेट्रो स्टेशनचा जिना), तिचं मोजमाप दोन वेगळ्या दिवशी घ्या आणि फरक पाच मीटरच्या वर असेल तर तो किलोमीटर पुन्हा मोजा.

अंतर एकाच बाजूने मोजायचं. वळणावर आतली कड आखूड आणि बाहेरची लांब असते. दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या तर ओवळ्यापर्यंत पोचताना समोरासमोरच्या दोन खांबांना वेगवेगळे आकडे पडलेले असतात. डोंगराची बाजू मोजा आणि खाडीच्या बाजूला आकडा काटकोनात पलीकडे न्या. कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा आणि वाघबीळ इथल्या पुलांवरून मोजू नका, खालून मोजा. पाहणी खालून चालणाऱ्यांसाठी आहे.

मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका. पुलाखाली आणि मेट्रोच्या छताखाली तो उड्या मारतो आणि खाडीच्या बाजूचा माणूस डोंगराच्या बाजूला दाखवतो. तो तपासणीपुरता ठेवा. आणि फोटो व्हॉट्सॲपवर साध्या फोटोसारखा पाठवला की त्यातली जागेची आणि वेळेची माहिती निघून जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर टिकते. दिवसभर केलेलं काम इथे वाया गेल्याचं फार आढळतं.

खुणांसाठी खडूच वापरा. ऑइल पेंटने खांबांवर आकडे रंगवायचा मोह होतो, पण सार्वजनिक मालमत्ता विद्रूप करण्याविरुद्ध महाराष्ट्रात १९९५ चा कायदा आहे. खांबांवर आधीच क्रमांक असतील तर ते वहीत आपल्या आकड्यासमोर लिहून घ्या. दिव्याच्या खांबाचा, डीपीचा, मेट्रोच्या खांबाचा, जो दिसेल तो. खात्याचा माणूस तुमचा ३४५० ओळखणार नाही, स्वतःच्या खांबाचा क्रमांक लगेच ओळखेल.

किती माणसं, कधी

तिघांचा एक गट. एक टेप धरतो, एक लिहितो, तिसरा फक्त वाहनांकडे बघतो. तिसऱ्याला दुसरं कुठलंही काम देऊ नका, फोटोसुद्धा नको. चमकणारी जाकिटं तिघांनाही हवीत. एका बाजूचा एक किलोमीटर नीट करायला सव्वा ते दीड तास लागतो. एका सकाळी दोन किलोमीटरच्या पुढे गेलात तर शेवटचे टप्पे अंदाजाने भरले जातात.

पहिली फेरी रविवारी सकाळी उजाडल्यावर, फक्त रुंदी-उंचीची. दुसरी कामाच्या दिवशी संध्याकाळी, माणसं आणि वाहनं मोजायची. तिसरी पावसात. पावसाळी फेरी टाळली तर पाणी साचण्याबद्दल जे लिहाल ते ऐकीव असेल. पाऊस थांबल्यावर तासाभराने जा, काठीवर सेंटिमीटरच्या खुणा करून खोली मोजा आणि साचलेल्या पाण्याजवळची गटाराची जाळी कुठे आहे ते लिहा. जाळी बहुतेक वेळा असते, फक्त रस्त्याच्या पातळीपेक्षा वर असते.

गायमुखच्या पुढे घाटात चालत मोजणी करू नका. वळणावर कंटेनर आणि ट्रेलर कडेला घासून जातात आणि पायी माणसाला बाजूला व्हायला जागा नसते.

फूटपाथ: सगळ्यात अरुंद जागा शोधा

प्रत्येक टप्प्यात फूटपाथ किती रुंद आहे हे विचारलं तर लोक मोकळी जागा बघून टेप लावतात. उलटं करा. शंभर मीटरमधली सगळ्यात अडचणीची जागा शोधा आणि तिथली मोकळी रुंदी मोजा, म्हणजे डीपीपासून कुंपणापर्यंत किंवा झाडाच्या कट्ट्यापासून कठड्यापर्यंत (कठडा म्हणजे फूटपाथचा रस्त्याकडचा काठ). चालणाऱ्याला तेवढाच फूटपाथ मिळतो. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे आयआरसी १०३ मध्ये, किमान मोकळी रुंदी १.८ मीटर आणि डोक्यावर २.२ मीटर मोकळीक सांगितली आहे. कठड्याची उंची १५० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. व्हीलचेअर कशीबशी जायलाही ९० सेंटिमीटर लागतात. त्याहून अरुंद जागा वहीत लाल पेनने.

कठडा हा घोडबंदर रोडवरचा खरा त्रास आहे. रस्ता उंच झाला की फूटपाथ आणखी उंच करतात आणि पायरी फूटभराची होते. तिथे म्हातारी माणसं फूटपाथवर चढतच नाहीत, रस्त्यावरून चालतात. मग ‘फूटपाथ असून वापरत नाहीत’ असा शेरा ऐकू येतो. म्हणून कठड्याची उंची प्रत्येक टप्प्यात तीन ठिकाणी मोजा: सुरुवातीला, मध्ये आणि सोसायटीच्या गेटपाशी.

गेटं मोजायला विसरू नका. हिरानंदानी इस्टेट, आनंदनगर, कासारवडवली या पट्ट्यांत गृहसंकुलं दाट आहेत आणि प्रत्येक गेटपाशी फूटपाथ खाली उतरतो, पुन्हा चढतो. शंभर मीटरमध्ये किती वेळा उतरावं लागलं, हा आकडा रुंदीपेक्षा जास्त बोलतो. उतार असेल तर लांबी आणि उंची दोन्ही मोजा. एकास बारा हवा, म्हणजे १५ सेंटिमीटर चढायला १ मीटर ८० सेंटिमीटर लांबी. साठ सेंटिमीटरचा सिमेंटचा गोळा म्हणजे रॅम्प नव्हे.

चेंबरचं झाकण, हलणारी फरशी, उघडं गटार यांना वेगळी नोंद, आणि ती त्याच दिवशी कळवा. पूर्ण अहवालाची वाट बघत उघडं चेंबर वहीत ठेवणं बरोबर नाही.

बसथांब्यापाशी दोनच गोष्टी बघा: माणसं कुठे उभी राहतात आणि तिथून रस्ता ओलांडायची सगळ्यात जवळची जागा किती मीटरवर आहे. थांब्याची शेड पाठीमागे आणि प्रवासी रस्त्यात उभे असतील तर टीएमटीची, म्हणजे ठाणे महापालिकेची, बस शेडपासून किती पुढे थांबते तेही मोजा. दिव्यांसाठी मोबाइलचं ॲप लावून प्रकाश मोजत बसू नका, ती ॲपं भरवशाची नसतात. एका टप्प्यात किती दिवे आणि त्यातले किती बंद, एवढं पुरे.

ओलांडणं

निम्मी मेहनत इथे घालवा. मोठा रस्ता लांबीला कितीही चांगला असो, माणसाला तो ओलांडता येत नसेल तर पलीकडची शाळा, दवाखाना आणि भाजी दुसऱ्या गावात असल्यासारखी होते.

रुंदी कठड्यापासून कठड्यापर्यंत मोजा, दुभाजकाची रुंदी वेगळी लिहा. सिग्नलचा हिशेब करताना चालण्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरतात. २४ मीटर ओलांडायला २० सेकंद. पण गुडघे दुखणाऱ्या आजींचा वेग ०.८ च्या आसपास असतो, त्यांना ३० लागतात. सिग्नलचा हिरवा माणूस किती सेकंद राहतो ते पाच वेळा मोजा आणि सगळ्यात कमी आकडा धरा. त्यातून आणखी काही सेकंद वजा होतात, कारण वळणारी वाहनं पहिल्या क्षणाला थांबत नाहीत. ती किती सेकंदांनी थांबली तेही लिहा.

सर्व्हिस रोड मुख्य रस्त्यात मिसळला की ओलांडायचं अंतर वाढतं, हे आधीच मांडून ठेवण्यासारखं आहे. एक लेन साधारण साडेतीन मीटरची. दोन्ही बाजूंनी दोन-दोन लेन वाढल्या तर १४ मीटर वाढतात. वेगवान माणसाला जवळपास १२ सेकंद जास्त, आजींना साडेसतरा. सिग्नलची वेळ बदलली नाही तर हे सेकंद कुणाच्या तरी जिवावर येतात.

जिथे सिग्नल नाही तिथे तो हवा हे ‘फार गर्दी असते’ म्हणून पटत नाही. त्यासाठी एक सूत्र आहे. गर्दीच्या एका तासात ओलांडणारी माणसं म्हणजे पी, त्याच तासात दोन्ही दिशांची वाहनं म्हणजे व्ही. व्हीचा वर्ग करून त्याला पीने गुणा. दुभाजक असलेल्या रस्त्यावर गुणाकार २० कोटींच्या वर गेला तर नियंत्रित क्रॉसिंगचा दावा उभा राहतो. समजा तासाला १५० माणसं आणि ३,००० वाहनं: ९० लाख गुणिले १५० म्हणजे १३५ कोटी. अर्ज करताना हा गुणाकार पानावर करून दाखवा, नुसतं उत्तर देऊ नका.

तासभर मोजणं जमत नसेल तर पंधरा मिनिटं मोजून चाराने गुणता येतं, पण असं तीन वेगळ्या दिवशी करा. आणि माणसं ज्या जागेवरून खरोखर ओलांडतात तिथेच मोजा. रंगवलेला झेब्रा अनेकदा भलतीकडे असतो. दुभाजकाचं रेलिंग वाकलेलं किंवा एक गज काढलेला दिसला की खरी वाट सापडली.

या सूत्राची एक खोट आहे. रस्ता इतका भीतिदायक असेल की लोक ओलांडतच नाहीत, तर पी लहान येतो आणि जागा ‘गरज नाही’ या यादीत जाते. म्हणून तासाभरात किती जण कडेपर्यंत आले, थांबले आणि परत फिरले, आणि किती जणांनी नुसतं पलीकडे जायला रिक्षा केली, याची वेगळी मोजणी ठेवा. रिक्षा थांब्यावर उभं राहिलं तर भाडी ऐकू येतात. ‘समोरच सोडा, पुलाखालून वळून’ असं म्हणणारा प्रत्येक प्रवासी मुळात पादचारीच असतो.

पादचारी पूल असेल तर पायऱ्या मोजा, खालून खाली पोचायला लागलेला वेळ घ्या, लिफ्ट आहे का आणि त्या दिवशी चालू होती का ते लिहा. पूल आहे म्हणून खालचं क्रॉसिंग बंद करणं आम्हाला मान्य नाही. पायऱ्या चढू न शकणाऱ्या माणसाला त्या जागी रस्ताच उरत नाही.

लिमाचं उदाहरण दुभाजकासाठी पुढे करायचा मोह होईल. आरेकिपाच्या मधोमध झाडांची रांग आहे आणि तिच्या सावलीत लोक चालतात, सायकल चालवतात. रविवारी सकाळी तर रस्त्याच्या काही भागात गाड्याच बंद असतात. पण तिथे चौकटी छोट्या, चौक जवळजवळ, म्हणून मधल्या पट्ट्यावर पोचणं सोपं आहे. आपल्याकडे दोन्हीकडे भरधाव वाहनं. दुभाजकावर चालायची वाट मागू नका. ओलांडताना थांबायला तिथे पुरेशी, रेलिंग नसलेली, सपाट जागा मागा.

नोंद कशी लिहायची

एक दोष, एक ओळ. नमुना असा: ‘३४५० खाडी, फूटपाथ. मोकळी रुंदी ७० सेंमी, डीपी व कुंपण यांमध्ये. कठडा २८ सेंमी. फोटो ११२. तारीख, वेळ.’ विशेषणं नकोत. ‘अत्यंत दयनीय’ लिहिलं की वाचणारा पुढे सरकतो. ‘२८ सेंमी’ वाचून तो थांबतो. फोटोत टेप दिसायला हवी आणि टेपवरचा आकडा वाचता यायला हवा. एक फोटो जवळून, एक लांबून, लांबच्यात दुकानाची पाटी किंवा खांब यायला हवा. माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर टाळा.

सगळ्या ओळी एका एक्सेलमध्ये भरल्या की शेवटचा रकाना खात्याचा. महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग, मेट्रोचं काम असलेल्या जागी एमएमआरडीए, डीपीसाठी महावितरण, सिग्नलच्या वेळेसाठी वाहतूक पोलीस. रकाना अंदाजाने भरू नका. शंका असेल तिथे माहिती अधिकाराचा अर्ज करा. महाराष्ट्रात १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, अर्ज दीडशे शब्दांच्या आत आणि एकाच विषयाचा असावा, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘हे का केलं नाही’ असं विचारू नका, कारणं मागितली की अर्ज अडतो. कागद मागा: अमुक ते अमुक खांबांमधल्या फूटपाथची देखभाल कोणाकडे आहे ते दाखवणारी नोंद, शेवटच्या कामाच्या कार्यादेशाची प्रत आणि दोष दायित्व कालावधी कधी संपतो ती तारीख. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला तर कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य कार्यालयाकडे पाठवणं त्यांचं काम आहे. अर्जातच या कलमाचा उल्लेख करा.

दोष दायित्व कालावधी कळला की पत्राचं स्वरूपच बदलतं. मुदत चालू असेल तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, नवा निधी मागावा लागत नाही. अशा ओळी सगळ्यात आधी पाठवा.

दोनशे ओळींचं एकच पत्र देऊ नका. प्रत्येक खात्याला त्याच्यापुरत्या ओळी, एका पत्रात एक किलोमीटर. महापालिकेचं पत्र माजिवडा-मानपाडा प्रभाग समितीच्या कार्यालयात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. आवक क्रमांक त्याच एक्सेलमध्ये त्या ओळींसमोर लिहा.

दुरुस्ती झाली असं कळलं की त्याच आकड्यावर जाऊन तीच मापं पुन्हा घ्या. बहुतेक वेळा पेव्हर ब्लॉक नवे बसलेले असतात आणि कठडा मात्र तेवढाच उंच असतो, कधी आणखी पाच सेंटिमीटरने वाढलेला. ब्लॉकखाली वाळूचा थर नीट दाबलेला नसेल तर पहिल्या पावसाळ्यात ते खचतात. म्हणून दुरुस्तीनंतर एकदा लगेच आणि एकदा ऑगस्टमध्ये मोजा, आणि ऑगस्टचा आकडा येईपर्यंत त्या ओळीसमोर ‘पूर्ण’ लिहू नका.